यंत्रामागे उभं कोण?

2025 च्या ऑक्टोबरात तीन आठवड्यांच्या आत तीन तारखा आल्या. 1 तारखेला खंडेनवमी. त्या दिवशी बऱ्हाणपुरात मागवाल्यांनी मागांना, ट्रकवाल्यांनी ट्रकांना आणि आमच्यासारख्या हिशेबवाल्यांनी संगणकांना हळदकुंकू वाहिलं. 14 तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. आणि मग लक्ष्मीपूजन आलं. हिंदी पंचांगांत ते बहुतेक ठिकाणी 20 ला होतं, आमच्या घरच्या दाते पंचांगात 21 ला. शहर मध्यप्रदेशात आणि बोली खानदेशाची, त्यामुळे वहीपूजन दोन्ही संध्याकाळी चाललं.

ज्या यंत्राला 1 तारखेला हात जोडले ते 14 तारखेला ‘संपलं’ असं सांगण्यात आलं आणि आठवड्याभरात त्याच्याच पोटातल्या खात्यांची पूजा करायची होती. यंत्र तर 15 तारखेच्या सकाळी नेहमीसारखं सुरू झालं. पंख्याचा आवाज तोच, हिशेबाची टॅली तशीच उघडली, काल भरलेलं बिल जागच्या जागी होतं. मग संपलं ते काय? नवं यंत्र आणून त्यात जुनी खाती भरली तर ती तीच खाती राहतात का? दोन्ही प्रश्न वरवर दुरुस्तीवाल्या पोराने सोडवायचे दिसतात. मला ते धर्माचे वाटतात, आणि तेव्हापासून मी ते तसेच धरून बसले आहे.

मी सूत व्यापारी, पॉवरलूमवाले आणि केळीचे आडते यांचे हिशेब बघते. आमच्याकडच्या लहान पेढ्यांतले बरेच संगणक 2017 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यातले आहेत. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि तोवर लाल वहीवर समाधानी असलेल्या पेढ्यांनाही संगणक घ्यावा लागला. तेव्हा दुकानात मिळणारे इंटेलचे प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचे होते. आठव्या पिढीचे डेस्कटॉपवरचे प्रोसेसर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बाजारात आले. विंडोज 11 ला, मोजके अपवाद सोडले तर, आठवी किंवा पुढची पिढी लागते. शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि सिक्युअर बूट. म्हणजे सरकारी नियमासाठी घाईने घेतलेलं यंत्र अवघ्या काही महिन्यांच्या फरकाने दाराबाहेर राहिलं.

आमच्या एका जुन्या पार्टीचे मालक, ज्यांना सगळा बाजार चाचा म्हणतो, त्यांच्या पेढीवर मी ही पात्रता तपासून दाखवली. पडद्यावर नकार आला. चाचांनी चष्मा वर केला आणि विचारलं, ‘बेटा, मशीन चल रही है ना? तो फिर उसे मुर्दा किसने कहा?’ त्यांची हरकत पैशाची नव्हती. चालती वस्तू टाकणं म्हणजे इस्राफ, उधळेपणा, आणि कुराणात उधळ्यांची निंदा आहे, हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं. माझ्यावरचे संस्कारही याहून वेगळे नाहीत. विटक्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या घरात मी वाढले. वस्तूचा पूर्ण उपयोग होण्याआधी ती फेकणं हे अन्नाला पाय लावण्याच्या जातीचं पाप, असं आमच्या घरी मानत. म्हणून चाचांना ‘कंपनीने सांगितलंय’ एवढं उत्तर देणं मला शोभलं नसतं.

आधी नेमकं काय थांबलं ते पाहू. विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम कोट्यवधी ओळींची असते आणि माणसाने लिहिलेली असल्यामुळे तिच्यात चुका राहतात. काही चुकांतून चोराला आत शिरता येतं. अशी चूक ध्यानात आली की बनवणारे दुरुस्ती पाठवतात, बहुधा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. 14 ऑक्टोबर हाही दुसरा मंगळवार होता. त्यानंतर सापडणारी नवी चूक, वेगळी मुदतवाढ घेतली नसेल तर, विंडोज 10 मध्ये तशीच उघडी राहणार. यात आणखी एक मेख आहे. विंडोज 10 आणि 11 यांचा पाया बराचसा सामाईक आहे. त्यामुळे 11 साठी दुरुस्ती निघाली की ती वाचून चोराला 10 मधलं भगदाड कुठे असेल ते कळतं. नव्याला दिलेलं औषधच जुन्याच्या दुखण्याचा पत्ता सांगतं.

मे 2017 मधला वॉनाक्रायचा हल्ला आठवा. 12 मेपासून काही दिवसांत जगभरातल्या संगणकांतल्या फाइलींना कुलपं लागली आणि खंडणीची मागणी पडद्यावर आली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या भगदाडाची दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवली नव्हती. आणि विंडोज एक्सपी, जिला एप्रिल 2014 पासून कोणी वाली उरला नव्हता, तिच्यासाठी हल्ला झाल्यावर खास दुरुस्ती काढावी लागली. यातून मी एवढं शिकले की राखण दोघांची असते. पाठवणाऱ्याने पाठवायची, घेणाऱ्याने वेळेवर घ्यायची. दोघांपैकी एक जरी उठून गेला तरी राखण संपते, आणि यंत्राला त्याचा पत्ताही नसतो.

चाचांच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथून सुरू होतं. 14 तारखेला यंत्राचा एकही भाग बिघडला नाही. त्याच्याबद्दल उत्तर देणारा उठून गेला. आणि माझं म्हणणं असं की मानवी हातांनी केलेल्या वस्तूचं आयुष्य तिच्या सुट्या भागांत मोजायचं नसतं. तिच्याबद्दल कोणी उत्तर द्यायला उभं आहे का, यावरून ते मोजायचं.

हे मला आमच्या घरातल्या एका कपाटाने शिकवलं. त्यात पणजोबांच्या मोडीतल्या वह्या आहेत. कागद शाबूत आहे, शाई अजून काळीभोर आहे, एकही पान सुटलेलं नाही. पण मोडी वाचणारं आमच्या घरात आज कोणी नाही. कोणाचं किती येणं, कोणाला किती देणं, हे सगळं तिथे स्वच्छ लिहिलेलं असून मुकं झालं आहे. याच्या उलट आमच्या जामा मशिदीत जा. फारुकी सुलतान आदिलशाहाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली आणि आत अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरवला. एका लिपीचा वाचक गेला तर दुसरीचा राहील, अशी व्यवस्था त्यातून आपोआप झाली. दगड दोन्ही लेखांना सारखाच टिकाऊ. लेखाला जिवंत ठेवणारा मात्र वाचक असतो.

इथे कोणी म्हणेल, जुनं यंत्र घरच्या माणसाचं असेल तर त्याने धोका पत्करावा, त्यात धर्म कुठे आला? तो येतो, कारण पेढीच्या यंत्रात पेढीच्या मालकाचं एकट्याचं काहीच नसतं. बऱ्हाणपुरात व्यापारी सूत देतो, मागवाला कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. मधल्या काळात सणाला, आजारपणाला, मुलीच्या लग्नाला तो उचल घेतो. ती उचल मजुरीतून हळूहळू फिटते. कोणाची किती फिटली, किती राहिली, हे त्या संगणकात असतं. शिवाय त्याचा आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल क्रमांक. मागवाल्याला त्या यंत्राची अवस्था माहीत नसते आणि विचारण्याची त्याची ऐपतही नसते. त्याने विश्वासाने दिलेली ही ठेव आहे. चाचांना मी हे त्यांच्या शब्दांत सांगितलं: मशीन तुमची आहे, पण आतलं सगळं अमानत आहे. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘अमानत में तो अपनी मर्ज़ी नहीं चलती.’ इस्राफाचा मुद्दा त्यांनी सोडला नाही, आणि सोडू नये असंच मला वाटतं. पण दोन धर्म समोरासमोर आले की दुसऱ्याच्या ठेवीचा धर्म आपल्या काटकसरीच्या धर्माच्या वर बसतो, इथवर आम्ही दोघे आलो.

तापीकाठी राहणाऱ्याला या ठिकाणी चांगदेव आठवणारच. आमच्या गावावरून वाहत गेलेली तापी पुढे पूर्णेला मिळते, त्या संगमावर चांगदेव नावाचंच गाव आहे आणि त्यांचं देऊळ आहे. मुक्ताईनगर तिथून जवळ. इथले वारकरी मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरीला जातात. चांगदेवांची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो: मृत्यू यायचा झाला की योगबळाने प्राण चढवून काळाला चुकवायचं, आणि असं करत चौदाशे वर्षं तोच देह. या कथेतला दोष दीर्घायुष्यात नाही. एवढ्या वर्षांत शिष्यांचा मेळा जमला, पण चांगदेवांना विचारणारं आणि सांगणारं कोणी उरलं नव्हतं. ज्ञानदेवांना पाठवायच्या पत्राचा मायना सुचेना, म्हणून ते कोरंच गेलं. उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या आणि शेवटी वयाने नातीसारख्या मुक्ताईला त्यांनी गुरू केलं. माझ्या वाचनात चांगदेवांची सुटका ही देह टाकण्याची नव्हे. आपल्यावर कोणाचा तरी अधिकार आहे हे त्यांनी मान्य केलं, ती खरी सुटका. नुसतं चालू राहणं म्हणजे जगणं, ही समजूत त्या क्षणी गळून पडली.

आता दुसरा प्रश्न, जो चाचांनीच पुढे विचारला: नव्या मशिनीत हिशेब तोच राहील की नवा होईल? बाजारात याच्या दोन रीती आहेत. एक, चालू यंत्रावरच नवी विंडोज चढवणं. फाइली, प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. दुसरी, जिला सगळे ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात: सगळं पुसून कोरी विंडोज टाकायची आणि मग डाटा परत भरायचा. नवं यंत्र घेतलं तर ही दुसरीच रीत झाली.

माझे वडील, आण्णा, मला लहानपणी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकवत. त्या परंपरेतला एक जुना वाद या जागी मला फार उपयोगी पडला. कच्चा घडा काळसर असतो, भट्टीतून तांबडा निघतो. तो तोच घडा का? वैशेषिक म्हणतात, नाही. आच लागली की घडा परमाणूंपर्यंत सुटा होतो, रंग परमाणूंचा बदलतो आणि त्यांचा पुन्हा नवा घडा जुळतो. हे इतक्या झपाट्याने होतं की आपल्याला कळत नाही. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणतात, भट्टीत डोकावून पाहा, घडा दिसतो आहे, त्याच्यावर रचलेला घडा खाली पडलेला नाही, आणि बाहेर काढल्यावर आपण तोच म्हणून ओळखतो. म्हणून घडा अखंडच पिकतो. हा पिठरपाक. मी आण्णांना तेव्हा विचारलं होतं की दोघांच्याही घड्यात पाणी तेवढंच मावतं, मग भांडण कशाला? ते म्हणाले, भांडण पाण्याचं नाही, ‘तोच’ म्हणण्याचा अधिकार कशाने मिळतो याचं आहे.

हे भांडण एका पेढीत माझ्यासमोर उभं राहिलं. तिथे मागवाल्यांच्या मजुरीचा हिशेब डॉसच्या काळातल्या फॉक्सप्रोच्या प्रोग्रॅमवर चाले. बत्तीस बिटच्या विंडोज 10 वर तो कसाबसा उघडे. विंडोज 11 फक्त चौसष्ट बिटमध्ये येते आणि तिथे असल्या प्रोग्रॅमला थारा नाही. ज्या कारागिराने तो लिहिला तो हयात नाही. म्हणजे नैयायिकांची वाट बंदच होती. घडा मोडून नवा करण्यावाचून इलाज नव्हता. प्रोग्रॅममधून खात्यांची यादी मजकुराच्या फाइलीत उतरवून घेतली आणि स्प्रेडशीटमध्ये उघडली. आकडे रांगेत बसले. खाली बेरीज मारली आणि जुन्या छापील यादीच्या बेरजेशी लावून पाहिली. जुळेना.

मग एकेक रकाना घेऊन ताळा घ्यायला बसलो. मालक जुन्या डॉट मॅट्रिक्सच्या लांब कागदावरून वाचत होते, मी पडद्यावर बोट ठेवून होते. एका मागवाल्याच्या नावापुढचा आकडा बाकीच्यांसारखा उजवीकडे न बसता डावीकडे सरकलेला होता. नीट पाहिलं तर आकड्याच्या शेवटी उणे चिन्ह होतं. जुना प्रोग्रॅम जमेची बाकी अशी छापायचा: आकडा आधी, उणे नंतर. स्प्रेडशीटला ते आकडा म्हणून ओळखता आलं नाही, तिने ते अक्षर समजून बेरजेतून वगळलं. बाकी सगळ्या खात्यांवर पेढीचं येणं होतं, उचलीचं. या एका खात्यावर पेढीचं देणं होतं. त्या माणसाची उचल फिटून वर मजुरी शिल्लक राहिली होती. ताळा न घेता पुढे गेलो असतो तर नव्या यंत्राला सगळ्यांची कर्जं लक्षात राहिली असती आणि पेढीने द्यायचे पैसे तेवढे विसरले गेले असते. कोणाच्याही मनात कपट नसताना.

त्या उणे चिन्हापाशी मला गीतेतला जुन्या वस्त्रांचा दृष्टांत आठवला. आमचं हे कापडाचं शहर, त्यामुळे तो इथल्या बहुतेक प्रवचनांत येतोच. देहधारी जुना देह टाकून नवा घेतो, वस्त्र बदलावं तसा. दृष्टांत आत्म्यासाठी आहे आणि आत्मा शस्त्राने तुटत नाही, अग्नीने जळत नाही, म्हणून तिथे बदलाची भीती नाही. हिशेबाला ते अभय नाही. तो जळतो, भिजतो आणि एका चिन्हाच्या जागेने हरवतो. जे नाश पावूच शकत नाही त्याच्यासाठी दिलेलं आश्वासन, जे सहज नाश पावतं त्याला लावून निर्धास्त होणं ही मला अध्यात्माच्या नावाखालची हयगय वाटते.

इथे मला बौद्धांचा विचार जवळचा वाटतो. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो की कायम टिकणारा आत्माच नसेल तर एका जन्मातल्या कर्माचं फळ दुसऱ्या जन्मात कोण भोगणार? नागसेन आंब्याच्या चोराचं उदाहरण देतो. चोर म्हणतो, मालकाने पेरली ती कोय वेगळी आणि मी तोडले ते आंबे वेगळे, मग मी त्याचं काय चोरलं? तरीही तो अपराधीच, कारण हे आंबे त्या कोयीतूनच आले आहेत. जिनसा बदलल्या, तरी ऋणाची साखळी तुटली नाही.

आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. ‘तोच’ म्हणण्याचा अधिकार लोखंडाने मिळत नाही, प्रोग्रॅमनेही मिळत नाही. तो जुनं देणं उचलण्याने मिळतो. नव्या यंत्राने त्या मागवाल्याची जमेची बाकी ओळखली तर ते त्या पेढीचंच यंत्र. ओळखली नाही तर बाकी सगळं हुबेहूब असूनही ती परकी वस्तू. व्यापारी हे दर वर्षी करतच असतो. 31 मार्चची अखेरची बाकी 1 एप्रिलला आरंभीची बाकी म्हणून पुढे ओढतो. वही नवी, पान कोरं, पण पहिली ओळ जुन्या देण्या-घेण्याची. कोणीही दिवाणखान्यात बसून तत्त्वज्ञान न सांगता आपल्या बाजाराने ओळखीचा प्रश्न असा सोडवून ठेवला आहे.

धर्मातही बदलाचे विधी आहेत आणि त्यांची बारीक नजर मला थक्क करते. जीर्णोद्धार करताना मूर्तीतलं देवत्व मंत्रपूर्वक कलशातल्या पाण्यात आणतात, काम होईस्तोवर पूजा कलशाची चालते आणि मग नव्याने प्रतिष्ठा होते. मधल्या काळात देव बेघर होत नाही. पुरीला जगन्नाथाचे लाकडी विग्रह अधिक आषाढ येतो त्या वर्षी बदलतात, त्याला नवकलेवर म्हणतात. 1996 नंतर ते 2015 मध्ये झालं. त्याच वर्षी 29 जुलैला विंडोज 10 आली. नवकलेवरात जुन्या विग्रहातला ब्रह्मपदार्थ नव्यात ठेवणारे सेवक डोळ्यांना पट्टी बांधतात. तिथे न पाहणं हीच निष्ठा आहे. हिशेबात मात्र पाहणं, बोट ठेवून ताळा घेणं हीच निष्ठा. क्रम दोन्हीकडे एकच: आधी जपून काढायचं, मध्ये सांभाळायचं, नव्यात नीट बसवायचं आणि मगच जुन्याला निरोप द्यायचा. टॅलीतसुद्धा जुन्या यंत्रावरचं लायसन्स आधी सरेंडर करावं लागतं, तेव्हा ते नव्यावर चालू होतं. घाईत जुनं यंत्र आधी भंगारात देणारे हा क्रम उलटा करतात आणि मग रडतात.

एवढं म्हटल्यावर दुसरी बाजू मांडणं माझं कर्तव्य आहे. नवं ते पवित्र, असं मी मुळीच म्हणत नाही. आमच्या गावातला कुंडी भंडारा 1615 च्या सुमाराचा. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात फारसी भूगर्भज्ञ तबकुतुल अर्ज याने सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, कुंड्यांच्या रांगेने, नुसत्या उताराच्या बळावर शहरापर्यंत आणलं. चारशे वर्षं उलटली, पाणी अजून वाहतं. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव लागलं. त्याला बदलायला कोणी सांगत नाही, कारण पाण्याचा उतार बदलत नाही. पण त्याचेही शत्रू आहेत. पाण्यातला चुना भिंतींवर साचत जातो आणि वाट अरुंद होते. ज्या पिढीला त्याची काळजी वाटेल तिच्यापर्यंतच तो वाहील. म्हणजे जुनेपणाने काही मरत नाही. राखण सुटली की मरतं, मग ते चारशे वर्षांचं असो की आठ वर्षांचं.

आणि तारीख ठरवणारा कोण, हा प्रश्नही धर्माचाच आहे. विंडोज 10 च्या घरगुती वापरासाठी तेव्हा आणखी एक वर्ष, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, दुरुस्त्या जाहीर झाल्या. संस्थांना तीन वर्षांपर्यंत विकत घेता येतात: पहिल्या वर्षी यंत्रामागे 61 डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. सामर्थ्यवानाने राखणीची किंमत लावावी आणि दोन मागांच्या मालकाने ती मोजावी, यात न्याय आहे असं मला वाटत नाही. ज्याने कोट्यवधी लोकांना आपल्यावर विसंबायला लावलं त्याची जबाबदारी एका तारखेला मिटते, हे कायद्यात बसत असेल. धर्मात बसत नाही. पण त्याने हात काढून घेतला म्हणून मी माझा काढावा, असंही होत नाही. वरच्याने सोडलेला भार खालच्यावर येतो, तेव्हा खालच्याने निदान मागवाल्याच्या अंगावर तो पडू देऊ नये.

चाचांच्या इस्राफाचं काय, तर त्याचंही उत्तर यातच आहे. अपात्र ठरलेलं यंत्र भंगार नसतं. त्यावर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसते, आणि लिनक्सच्या मागे आजही दुरुस्त्या पाठवणारी माणसं उभी आहेत. म्हणजे त्या यंत्राला नवा उत्तर देणारा मिळतो. चाचांचं जुनं यंत्र असंच, डिस्क पूर्ण पुसून, त्यांच्या नातवाच्या अभ्यासाला गेलं. ज्याचं खरोखर काहीच होण्यासारखं नाही ते 2022 च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रणवाल्याकडे जावं. रस्त्यावरच्या भंगारवाल्याच्या शेगडीत त्याच्या तारा जळू नयेत, कारण तो धूर कोणाच्या तरी छातीत जातो आणि त्याचंही उत्तर कोणाला तरी द्यावं लागतं.

आता आमच्या पार्ट्यांना मी वहीपूजनाच्या पानावर एक भर घालायला सांगते. वर श्री, शुभ-लाभ, तिथी-वार हे नेहमीचं. त्याखाली तीन ओळी: या यंत्राच्या दुरुस्त्या वेळेवर बसल्या की नाही हे कोण पाहणार, बॅकअप कोण घेणार आणि तो बॅकअप उघडून शेवटचा ताळा कोणत्या तारखेला घेतला. पेढीचं किंवा दुकानाचं नाव तिथे चालणार नाही, माणसाचं नाव हवं. चाचांनी तिन्ही ओळींत स्वतःचं नाव लिहिलं. मी म्हटलं, निदान बॅकअपचं काम मुलाला द्या, तुमचं वय झालं. त्यांनी मुलाला हाक मारली आणि मधल्या ओळीत त्याच्या हातून त्याचं नाव लिहवून घेतलं, आणि ज्या मागवाल्यांची खाती त्या यंत्रात आहेत त्यांना ते पान दाखवायचं कबूल केलं. माझ्या मते त्या पूजेतला सगळ्यात धार्मिक भाग तोच होता. कुंकू यंत्राला लागतं, पण उत्तर माणसाला द्यावं लागतं, आणि ज्याला ते द्यायचं आहे त्याला आपलं नाव माहीत असावं.